जलकन्येची वाचा

सॉल्ट लेक या नावाच्या वसाहतीत आज खाऱ्या पाण्याचे तळे शोधू गेल्यास सापडत नाही. नोकरीच्या निमित्ताने कलकत्त्यास येणाऱ्या आम्हां मराठी मंडळींपैकी काहींचा मुक्काम याच भागात पडतो. इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांनी ओळखले जाणारे चौरस विभाग, सरळ रस्ते, मध्ये बागा आणि चहूकडे सरकारी कचेऱ्या, अशी ही नेटकी रचना पाहून पुण्यानागपुराकडील पाहुणा प्रथम समाधान पावतो आणि मग हटकून विचारतो, ‘तळे कोठे आहे?’ त्यास उत्तर द्यावे लागते की, आपण उभे आहोत तेच तळे. एप्रिल १९६२ मध्ये मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या हस्ते भरावाच्या कामास आरंभ झाला. हुगळी नदीच्या तळचा गाळ पाण्यासह मोठ्या नळांतून आणून येथील खाऱ्या दलदलीवर ओतण्यात आला. काम युगोस्लाव्हियातील एका कंपनीकडे होते आणि नगराचा आराखडा दोब्रिव्होये तोश्कोविच या त्याच देशातील वास्तुरचनाकाराने केला. आरंभानंतर अडीच महिन्यांच्या आत, १ जुलै १९६२ रोजी, डॉ. राय निवर्तले; पुढे नगरास त्यांचेच नाव देऊन ते बिधाननगर झाले. लोकांच्या तोंडी मात्र तळ्याचेच नाव राहिले.

हे सर्व आठवण्याचे कारण एका मुलीचा प्रश्न. कलकत्त्याचा पुस्तकमेळा १९७६ साली सुरू झाला आणि २०१८ पासून तो सॉल्ट लेकच्या सेंट्रल पार्कात भरू लागला. त्या मेळ्यात आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबाबरोबर आम्ही हिंडत होतो. त्यांची सोळा वर्षांची कन्या एक इंग्रजी कादंबरी घेऊन आली. समुद्रातील जलकन्या आणि भूमीवरील राजपुत्र यांची ती जुनीच कथा, हल्लीच्या तरुण वाचकांसाठी नव्याने सांगितलेली. अशा कादंबऱ्यांची आता एक स्वतंत्र जातच झाली आहे. त्यांत जादू असते, साहस असते, प्रेम असते; परंतु ते प्रेम असे सोज्ज्वळ असते की आईबापांनी पुस्तक उघडून पाहिल्यास त्यांस संकोच वाटू नये. पुस्तक दोन दिवसांत वाचून मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘काका, आपल्याकडे अशी गोष्ट आहे का? आणि तिनं जीभ द्यायचं कबूल तरी का केलं?’ मराठीत एवढे बोलताना ती दोनदा अडखळली आणि एक शब्द तिने बंगालीच वापरला. तिच्या प्रश्नास नीट उत्तर द्यावयाचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल, असे आम्हांस वाटले. तोच येथे मांडीत आहो.

मूळ कथा हान्स क्रिश्चन अँडरसन या डेन्मार्कच्या लेखकाची. ती १८३७ च्या एप्रिलात कोपनहेगन येथे प्रसिद्ध झाली. समुद्रराजाच्या सहा कन्यांपैकी सर्वांत धाकटी कन्या पंधरावे वर्ष लागताच पाण्यावर येते, बुडणाऱ्या राजपुत्रास वाचविते आणि त्याच्या ठायी तिचे मन जडते. परंतु तिची ओढ केवळ त्याच्यापुरती नाही. जलवासी तीनशे वर्षे जगतात आणि शेवटी फेस होऊन विरतात. माणसास मात्र अमर आत्मा आहे, आणि माणसाने मनःपूर्वक पत्नी म्हणून स्वीकारले तर त्या आत्म्याचा अंश आपणांसही मिळेल, असे तिला कळते. समुद्रातील चेटकिणीकडून ती पाय मिळविते आणि मोबदल्यात जीभ कापून देते. प्रत्येक पाऊल सुरीच्या धारेवर पडल्यासारखे वाटेल, हेही ती मान्य करते. राजपुत्र तिला जवळ ठेवतो, पण विवाह दुसरीशी करतो. आपणास वाचविणारी हीच, हे त्याला कधी कळतच नाही. कारण सांगावयास तिच्यापाशी वाचा नाही. बहिणी आपले केस देऊन एक सुरी आणतात. राजपुत्रास मारलेस तर तू पुन्हा आमच्यात येशील, असे सांगतात. ती सुरी फेकून देते. शेवटी ती वायुकन्यांमध्ये जाते आणि तीनशे वर्षांच्या सत्कर्मांनी आत्मा मिळविण्याची आशा तिला लाभते.

ही कल्पना सर्वस्वी अँडरसनची नव्हती. जलात राहणाऱ्या योनीस मनुष्याशी विवाह केल्यानेच आत्मा प्राप्त होतो, हे सोळाव्या शतकातील पारासेल्सस नामक वैद्याने लिहून ठेवले होते. त्याचाच आधार घेऊन फुके या जर्मन लेखकाने १८११ साली ‘उंडीन’ ही कथा रचली. अँडरसनने तीत भर घातली ती मौनाची. त्याच्या चरित्रकारांनी याची संगती त्याच्या आयुष्याशी लावली आहे. आश्रयदात्याचा पुत्र एडव्हार्ड कोलिन याच्यावर त्याचा उत्कट जीव होता. त्या स्नेहास तसा प्रतिसाद मिळाला नाही, आणि १८३६ साली कोलिनचा विवाह झाला. एका चांभाराचा हा मुलगा थोरामोठ्यांच्या घरी वावरे, परंतु आपण त्यांच्यातले नाही ही जाणीव त्याला क्षणभर सोडीत नसे. परक्या किनाऱ्यावर चालताना पायांत सुऱ्या रुततात, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

येथे कलकत्त्यातील वाचकास एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ही कथा कोपनहेगनमध्ये छापली जात होती, त्या वेळी डेन्मार्कचे निशाण कलकत्त्यापासून पंधराएक मैलांवर हुगळीच्या काठी फडकत होते. श्रीरामपूर १७५५ पासून डेनिश लोकांकडे होते; राजाच्या नावावरून त्यांनी त्यास फ्रेडरिक्सनगर म्हटले होते. नेपोलियनच्या युद्धांमुळे १८०८ ते १८१५ ही वर्षे ते इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुन्हा परत मिळाले आणि १८४५ साली इंग्रजांस कायमचे विकले गेले. याच श्रीरामपुरास मराठी माणसाने विसरू नये. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांस थारा देत नव्हते, म्हणून विल्यम कॅरी १८०० साली डेनिश आश्रयास आला. त्याने काढलेल्या छापखान्यातून १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण बाहेर पडले. त्याच वर्षी डेन्मार्कमधील ओडेन्स गावी अँडरसनचा जन्म झाला होता. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवीत असे आणि त्याच्या मदतीस नागपूरकडील वैजनाथ पंडित होते. पुढे १८१० मध्ये मोडी टंकांत मराठी कोश, १८१४ मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’ आणि १८१५ मध्ये ‘हितोपदेश’ तेथेच छापले गेले. म्हणजे छापील मराठी गद्यकथेचा पाळणा कृष्णाकाठी वा मुळामुठेकाठी हललेला नाही. तो हलला हुगळीकाठी, आणि नागपूरच्या एका परगावी राहिलेल्या पंडिताने तो हलविला. ‘सिंहासन बत्तिशी’त बत्तीस पुतळ्या राजा भोजास एकेक पायरीवर अडवितात आणि बोलू लागतात. अँडरसनच्या कथेत जिवंत स्त्री मुकी होते, आणि आपल्या भाषेच्या पहिल्या छापील कथांपैकी एकीत निर्जीव पुतळ्यांना वाचा फुटते. हा केवळ योगायोग आहे; परंतु आम्हांस तो लक्षात ठेवण्यासारखा वाटतो.

बंगालने अँडरसनला फार वाट पाहावयास लावली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पन्नाशीत कलकत्त्यास वंगभाषानुवादक समाज काम करीत होता. त्याच्यासाठी मधुसूदन मुखोपाध्याय यांनी अँडरसनच्या काही कथा बंगालीत उतरविल्या. त्यांत या मत्स्यनारीचे उपाख्यानही होते. लेखक तेव्हा हयात होता. परंतु बंगाली मुलास पाण्यातील राजकन्या ठाऊक होण्यासाठी डेन्मार्कपर्यंत जाण्याची गरज नव्हती. लालबिहारी दे यांनी १८८३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या बंगाली लोककथांत आणि दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या १९०७ सालच्या ‘ठाकुरमार झुली’ या संग्रहात एक कथा आहे. सर्पाच्या मस्तकावरचा मणी हाती आला की तळ्याचे पाणी वाट देते आणि तळाशी एक महाल लागतो. तेथील राजकन्येस वरचे जग पाहण्याची अनावर इच्छा होते. मणी घेऊन ती काठावर येते, तिला पाहून एक राजपुत्र वेडा होतो आणि पुढे ती कपटाने पकडली जाते. मजुमदारांनी तिला मणिमाला असे नाव दिले आहे. तळेच तळे असलेल्या या प्रांतात पाण्याखालच्या घराची कल्पना मुलांच्या मनात अशी सहज रुजावी, यात नवल नाही.

आता आपल्याकडे वळू. अप्सरा या शब्दातच ‘अप्’ म्हणजे पाणी आहे. पाण्यात वावरणारी ती अप्सरा. इंद्रसभेतील नर्तकी हे तिचे नंतरचे रूप. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा अठरा ऋचांचा संवाद आहे आणि शतपथ ब्राह्मणाने त्यामागची हकीकत दिली आहे. उर्वशी मर्त्य राजाची पत्नी होते ती अटीवर. आपण त्याला विवस्त्र पाहता कामा नये, ही त्यांतील एक अट. गंधर्व तिची मेंढरे पळवितात, राजा तसाच उठतो, वीज चमकते आणि उर्वशी नाहीशी होते. कुरुक्षेत्री एका कमलसरोवरात ती सख्यांसह जलपक्ष्याच्या रूपाने पोहत असता त्याला पुन्हा दिसते. कालिदासाने यावर नाटक रचले, रवींद्रनाथांनी १८९५ साली कविता लिहिली आणि दामोदर धर्मानंद कोसंबी या आपल्या गोमंतकीय पंडिताने ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात त्या संवादाचा यज्ञविधीशी संबंध जोडला.

महाभारतातील शंतनूचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या दोन्ही राण्या पाण्यातल्याच. पहिली प्रत्यक्ष गंगा. मी काहीही केले तरी मला अडवावयाचे नाही आणि कठोर शब्द बोलावयाचा नाही, अशी तिची अट. सात पुत्र तिने प्रवाहात सोडले, तोवर राजा गप्प राहिला. आठव्याच्या वेळी त्याने तोंड उघडले आणि ती निघून गेली. दुसरी सत्यवती. शापाने मासळी झालेल्या अद्रिका नामक अप्सरेच्या पोटी ती जन्मली आणि नावाड्यांच्या घरी वाढली. अंगाच्या वासावरून तिला मत्स्यगंधा म्हणत. तिच्या वतीनेही अट घालण्यात आली. तिचाच पुत्र राज्यावर बसेल, ही. ती अट पाळण्यासाठी भीष्माने आपले आयुष्य वाहिले. वसंत कानेटकरांनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ हे नाटक दिले आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतासह ते मराठी रंगभूमीवर गाजले, हे वाचकांस ठाऊकच आहे.

ग्रंथांतून खेड्यात उतरले की अप्सरेची ‘आसरा’ होते. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले असतात. त्या साती आसरा. बायका त्यांची ओटी भरतात, आणि तिन्हीसांजेस डोहाकडे जाऊ नये म्हणून मुलांस त्यांचा धाक घालतात. येथे प्रेमकथा नाही; पाण्यात कोणी राहते आणि त्यांचा मान राखावयाचा असतो, एवढेच शिक्षण आहे.

या सर्व कथा एकत्र ठेवल्या की एक भेद स्पष्ट दिसतो, आणि मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. आपल्या जुन्या कथांत पाण्यातून येणारी स्त्री अट घालते आणि भूमीवरचा पुरुष ती पाळतो. मौन पाळावयाचे ते शंतनूने, सावध राहावयाचे ते पुरूरव्याने. यजमानावर बंधन, येणारीवर नव्हे. अट मोडली तर ती आपल्या पाण्यात परत जाण्यास मोकळी. अँडरसनने हा तराजू उलटा केला. त्याच्या कथेत येणारीनेच सर्व मोल द्यावयाचे, जीभ तिची जावयाची, वेदना तिने सोसावयाच्या. आणि परतीची वाट उघडते ती दुसऱ्याच्या रक्ताने. याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी स्त्रियांस अधिक चांगले वागविले, असा कोणी घेऊ नये. मत्स्यगंधेच्या अटीपायी अंबा आणि तिच्या बहिणींची काय गत झाली, ते महाभारतातच लिहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, परक्या काठावर पाऊल टाकताना कोणी काय द्यावे, याचा हिशेब प्रत्येक समाज आपापल्या कथेत वेगळा मांडतो.

म्हणून कथा नव्याने सांगणे हे काही आजचे पाप नव्हे. रामायणाचेच पाहा. हनुमंताचा घाम मगरीने गिळला आणि मकरध्वज झाला, एवढे आपल्या कीर्तनांत ऐकू येते. सयाम देशाच्या रामायणात मात्र सुवर्णमत्स्या ही रावणाची कन्या आहे, कमरेखाली मासळी. सेतूचे दगड पळविण्यासाठी बापाने पाठविलेली ही मुलगी हनुमंताच्याच प्रेमात पडते आणि दगड परत आणून देते. आपल्या बालब्रह्मचारी मारुतीविषयी हे ऐकून कोणी कानांवर हात ठेवील. पण त्या देशी तिचे चित्र शुभ मानून दुकानांत लावतात. समुद्र ओलांडला की कथा त्या काठाची होते.

अँडरसनच्या कथेचेही तसेच झाले. १९१३ साली कोपनहेगनच्या बंदरात जलकन्येचा पुतळा बसला आणि ती राष्ट्राची खूण झाली. १९८९ साली अमेरिकेत डिस्ने कंपनीने व्यंगपट काढला. त्यात आवाज शिंपल्यात कोंडला जातो, शेवटी परत मिळतो आणि लग्न होते. २०२३ मध्ये त्याच कंपनीने तो चित्रपट नटनटींसह पुन्हा काढला. आत्म्याची गोष्ट मागे पडली, प्रेमाची पुढे आली. हल्लीच्या तरुणांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या आणखी एक पाऊल पुढे जातात. त्यांतील नायिका पुष्कळदा मुकी राहत नाही. ती खुणा करते, लिपी शिकते, आपली फसवणूक ओळखते. नायकालाही ऐकणे शिकावे लागते. जुन्या रसिकांस ही गोड शेवटाची लालूच वाटते, आणि त्यात तथ्य आहे. सुरी फेकून देणाऱ्या मुलीचे मोठेपण लग्नाच्या घंटांत बुडून जाते. तरीही आम्हांस त्या लेखिकांचा राग येत नाही. ज्या वयात मुलगी प्रथमच आपले घर सोडून दुसऱ्या जगाकडे पाहते, त्या वयात तिला ‘जीभ दिलीस तरच प्रवेश’ असे सांगावे की ‘जीभ राखून जा’ असे सांगावे? थोर कलाकृती पहिले सांगेल, कारण ते पुष्कळदा खरे असते. वडीलधारी माणसे दुसरे सांगतील, कारण ते तसे व्हावे अशी त्यांची इच्छा असते. मुलीने दोन्ही वाचावे.

सॉल्ट लेकपुरते बोलावयाचे तर येथे मोल पाण्याने आणि पाण्यावर जगणाऱ्यांनी दिले. आमची घरे जेथे उभी आहेत तेथे मासळीच्या भेड्या होत्या आणि त्यांवर पोट भरणारे कोळी होते. स्वातंत्र्यानंतर माणसांनी ओसंडणाऱ्या शहरास जागा हवी होती, हे खरे, डॉ. राय यांच्या दूरदृष्टीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती दलदल रिकामी नव्हती. तिच्या पूर्वेस आणि दक्षिणेस जे पाणी उरले, ते शहराचे सांडपाणी पोटात घेऊन त्याचे मासे करून परत देते, हे ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने चिकाटीने दाखवून दिले. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टरांच्या त्या पाणथळ प्रदेशास रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. घोष २०१८ साली गेले. एका अधिकाऱ्याने आपल्या नेमणुकीच्या मुलखातील मुक्या पाण्यास वाचा दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्यासारख्या बदलीच्या माणसांनी या कथेकडे अलिप्तपणे पाहणे कठीण आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर, पहिले हिंदी सनदी अधिकारी, १८६४ पासून मुंबई इलाख्यात नोकरीस होते. त्यांनी तुकारामाचे अभंग बंगालीत नेले, आणि घरची बंगालीही सोडली नाही. उलट दिशेने पाहिले तर सखाराम गणेश देऊसकर या मराठी घराण्यातील गृहस्थांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली लिहून बंगालला हलवून सोडले. येथील काठ आपल्याकडून जीभ मागत नाही. आपणच कचेरीतून थकून आल्यावर मुलांशी जी भाषा सोपी पडेल ती बोलतो आणि दहा वर्षांनी मुले आजीशी दूरध्वनीवर बोलताना अडखळतात.

मुलीस आम्ही एवढे सगळे सांगितले नाही. उर्वशी आणि शंतनूची गोष्ट सांगितली, आणि साती आसरांविषयी तुझ्या आजीलाच विचार, असे म्हटले. तिची आजी वऱ्हाडात असते. आठवड्याने ती कागदाचा एक तुकडा घेऊन आली. आजीने बराच वेळ सांगितले होते, परंतु मधले काही शब्द तिला कळले नव्हते. ते तिने आपल्या कच्च्या देवनागरीत लिहून आणले होते: डोह, पाणवठा, ओटी, तिन्हीसांज. त्यांचा अर्थ तिला हवा होता. आम्ही चहा ठेवावयास सांगितले आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.